हव आणि हवा

आमच्या घरात ‘हंटिंग’ हा शब्द शिकारीच्या अर्थानं कधी वापरलाच गेला नाही. बाबा रेल्वेत मालगाडीवर डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर होते. इंजिन जागेवर उभं असताना त्याचा वेग आपोआप वर चढायला, खाली उतरायला लागला, एका ठिकाणी टिकेना, की त्याला ते लोक हंटिंग म्हणत. मी अभ्यासाला बसून सारखी उठबस करायला लागले की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘पोट्टी हंटिंग करून राहिली पाहा.’ रायपुरातली आमच्या शेजारची छत्तीसगडी मंडळी हा आमचा मराठी शब्द समजून बसली होती. आम्हीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

दुसरा शब्द ‘चार्ज’. बाबा ड्यूटीवर निघताना दारात उभं राहून आईला घराचा चार्ज देत. सिलिंडर हलकं झालंय, मागच्या नळाचं वायसर गेलंय, पोट्टा खोकून राहिला. रेल्वेत एक ड्रायव्हर उतरतो आणि दुसरा चढतो तेव्हा उतरणाऱ्यानं इंजिनातले सगळे दोष तोंडानं सांगायचे असतात, मगच उतरायचं. दोष लपवून उतरलेल्या ड्रायव्हरबद्दल बाबा जे शब्द वापरत ते मी इथे लिहीत नाही. आई सगळं ऐकून घ्यायची, ‘घेतला चार्ज’ म्हणायची, आणि मग ते जिना उतरायचे.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी सरकारी ऑफिसात नोकरी करते, लग्न केलं नाही, बाबांबरोबर राहते. धाकटा भाऊ हैदराबादला असतो. ही सगळी हकिगत त्याच्या हौसेपासून सुरू होते, म्हणून त्याच्यापासून सांगते.

गाडी तशी साधी होती. पांढरी, पेट्रोलची, बाबांनी निवृत्तीनंतर घेतलेली. भाऊ रायपुरात होता तेव्हा त्यानं ती नागपूरला नेऊन ट्यून करून आणली. म्हणजे इंजिनात किती पेट्रोल सोडायचं हे ठरवणारा जो काँप्युटर गाडीत असतो, त्याचं गणित बदलून घेतलं, आणि हवा गाळणारा साधा डबा काढून त्या जागी एक मोठा उघडा फिल्टर बसवला. पेडलला नुसता पाय लागला तरी गाडी उडते आता, असं तो मला कौतुकानं सांगत होता. सदर बाजारात गाडी उडवून कुठं जाणार आहेस, असं मी विचारलं. मग त्याला हैदराबादला नोकरी लागली, तिथं ऑफिसची बस घरापर्यंत येते म्हणे, आणि गाडी पुन्हा बाबांकडे आली. हौस करणारा गेला निघून, आणि हौसेचं पाप आमच्या दारात उभं.

गेल्या हिवाळ्यात तिनं रंग दाखवायला सुरुवात केली. दोन तऱ्हा होत्या. सिग्नलला उभी राहिली की इंजिनाचा आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा, आणि समोरच्या घड्याळातला काटा त्याच्याबरोबर वरखाली करत बसायचा. ही झाली एक. दुसरी चालताना. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, हळू चालवताना, गाडी धक्के द्यायची. बाजूला बसणाऱ्याची मान नको त्या गोष्टीला हो म्हटल्यासारखी हलत राहायची. बाबांनी पहिल्याच दिवशी निदान केलं: इंजिन हंटिंग करून राहिलं, कुठून तरी चोरून हवा घेऊन राहिलं. आणि धक्के? तेही त्याचेच, म्हणाले.

मला मात्र आणखी एक गोष्ट माहीत होती. टीव्ही पाहताना बाबांच्या उजव्या पायाची चप्पल फरशीवर वाजायची. टप टप टप टप, बारीक, थांबता थांबत नसे. मी पाहिलं की ते डावा पाय उजव्यावर ठेवत, सहज ठेवल्यासारखा, आणि आवाज बंद होई. जेवतानाही डावा पाय उजव्यावर. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की त्यांना ऐकू येत नसे. इंजिनाच्या केबिनमध्ये आयुष्य काढल्यामुळे त्यांचे कान कमी झाले होते हे खरं, पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तर त्यांना बरोबर कळायचं. सोयीचे कान होते ते.

आणि त्यांना गाडी लागायचीच. रविवारी सकाळी ते रेल्वे कॉलनीच्या भागातून दोन जुन्या सोबत्यांना उचलत. एकाचे डोळे गेलेले, दुसऱ्याचे गुडघे. तिघं मिळून भनपुरीच्या पुढे रुळांच्या कडेला एक चहाची टपरी आहे तिथं जात, आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे येणाऱ्या-जाणाऱ्या मालगाड्या पाहत बसत. पाहत म्हणजे काय, चुका काढत. याचा ब्रेक उशिरा लागला, त्यानं हॉर्न काहून नाही दिला. तिघांपैकी गाडी चालवणारे आता बाबाच उरले होते. त्यांची चाबी गेली की तिघंही घरी बसणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

सदर बाजारातलं प्रकरण त्याच हिवाळ्यातलं. मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी साडी घ्यायची होती. गर्दीत मुंगीच्या चालीनं चाललो होतो. गाडीनं एक धक्का दिला, दुसरा दिला, आणि तिसऱ्याला पुढे उसळून कापडाच्या दुकानासमोर उभ्या स्कुटीला जाऊन लागली. स्कुटी पडली. तिच्यावरून एक पोरगी नुकतीच उतरली होती आणि ओढणी सावरत होती. तिचा पाय तिथून निघाला होता म्हणून वाचला, एवढंच. दुकानदार, गिऱ्हाईकं, सगळे जमले. पोरगी घाबरून रडायला लागली आणि तिनंच बाबांना विचारलं, दादाजी, आपको लगा तो नहीं. मी खाली उतरून तिची स्कुटी उचलली. बाबा स्टिअरिंग धरून समोर बघत होते.

घरी आल्यावर मी चाबी मागितली. माझा आवाज चढला होता, नाही म्हणत नाही. माझी जीभ सुरू झाली की तिला ब्रेक नसतो. भावाला फोन लावला, तर तो नेहमीप्रमाणे मराठी समजून हिंदीत उत्तरं देत होता. त्याचंही म्हणणं तेच की बाबांना आता चाबी देऊ नको. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. या वेळी त्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं.

“गाडी झटके देऊन राहिली,” ते म्हणाले, “तर चाबी माझी कायले घेता?”

प्रश्न बरोबर होता. धक्का गाडीचा की पायाचा, हे कोणी तपासलंच नव्हतं. मग त्यांनीच करार मांडला. मिस्त्रीला दाखवू. दोष गाडीचा निघाला तर गाडी दुरुस्त होईल आणि चाबी त्यांच्याकडे राहील. पायाचा निघाला तर चाबी माझी, आणि त्यावर ते एक शब्द बोलणार नाहीत. मी कबूल केलं. बाबा दिलेला शब्द पाळतात, हे त्यांच्याशी भांडताना मोठं संकट असतं.

भनपुरीत ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्यांच्या ओळीत एका मिस्त्रीचं छोटं गॅरेज आहे. मिस्त्री छत्तीसगडी, पन्नाशीचा, बोलायचा कंटाळा असलेला. काहीही विचारा, त्याचं उत्तर ‘हव’. हव म्हणजे हो. रायपुरात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आम्हीसुद्धा फोनवर बोलताना निम्मा वेळ हव, हव करत असतो. आईला ते आवडत नसे. मराठी माणसानं हो म्हणावं, असं ती म्हणायची, आणि भाजीवालीशी बोलताना स्वतःच हव म्हणायची.

मिस्त्रीनं आधी गाडी उभ्याउभ्या ऐकली. काटा वरखाली नाचत होता. मग स्वतः चालवून एक फेरी मारून आला. मग बाबांना चालवायला लावून बाजूला बसला, मी मागे. ट्रकच्या रांगेतून आम्ही हळूहळू गेलो आणि गाडीनं भरपूर धक्के दिले. परत आल्यावर बाबांनी इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरले, आणि मिस्त्रीच्या समोर उभे राहिले. आढेवेढे न घेता त्यांनी हिंदीत सरळ विचारलं.

“सच बताओ. झटका मेरे पाँव से आ रहा है क्या?”

मिस्त्रीनं हात पुसले. “हव, बबा,” तो म्हणाला.

बाजूनं ट्रक जात होता. आमचं इंजिन वरखाली ओरडत होतं. बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“हवा,” ते म्हणाले. “ऐकलं ना? हवा घेऊन राहिली. मी काय म्हणत होतो?”

मिस्त्रीनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. मी रस्त्यावरच्या ट्रककडे पाहत उभी राहिले. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. करार झाला होता, उत्तर मिळालं होतं, फक्त तोंड उघडायचं होतं, आणि ज्या बाईची जीभ ऑफिसात साहेबालासुद्धा सोडत नाही ती बाई गप्प बसली. मला बाबांची दया आली असं कोणी म्हणेल. मला त्यांचा उजळलेला चेहरा पाहायला बरं वाटलं, इतकंच होतं ते.

मिस्त्री गाडी ठेवून जा म्हणत होता. जागेवर जी वरखाली होते ती भानगड वेगळी आहे, पाहावी लागेल, असं तो दोनदा म्हणाला. पण बाबांना आता कोणाची गरज नव्हती. हवा कुठून शिरते ते मी घरीच शोधतो, म्हणाले.

पुढचे कित्येक दिवस आमच्या दारात बॉनेट उघडं होतं. मी ऑफिसातून यायची तर बाबा त्यात डोकं घालून उभे. त्यांची पद्धत अशी होती. इंजिन चालू ठेवायचं, वाटीत दाढीचा साबण फेटायचा, आणि दाढीच्या ब्रशनं एकेका रबरी नळीच्या सांध्यावर फेस लावत जायचं. जिथून इंजिन चोरून हवा ओढत असेल तिथं फेस आत ओढला जाईल आणि आवाजात फरक पडेल. कॉलनीतले लोक थांबून विचारत, बाबूजी, गाडीची दाढी करता का. बाबा त्यांना हंटिंग समजावून सांगत. ब्रश धरलेला त्यांचा हात अगदी स्थिर असायचा. मी ते मुद्दाम पाहिलं. थरथर फक्त पायात होती.

सुट्टीच्या एका सकाळी त्यांनी मला हाक मारली, तीसुद्धा अशी की मी पोळपाट तसाच टाकून धावले. इंजिनाच्या मागच्या अंगाला, उघड्या फिल्टरच्या आड, बोटाच्या पेराएवढी एक रबरी टोपी होती. जुनी होऊन तडकलेली. नागपूरला नवा फिल्टर बसवताना कोणाचा तरी धक्का लागून ती चिरली असेल, किंवा आपलं वय झालं म्हणून चिरली असेल. बाबांनी तिच्यावर फेस लावला. फेस आत गेला, आणि इंजिनाचा आवाज क्षणभर जागेवर आला.

“बोट लाव,” ते म्हणाले.

मी बोट लावलं. इंजिनानं माझी कातडी आत ओढली, आणि तो जीव खाणारा वरखाली आवाज थांबला. एकसारखी, मऊ घरघर सुरू झाली. बोट काढलं, पुन्हा हंटिंग. लावलं, शांत. मी किती वेळ ते करत राहिले. कणकेचं बोट होतं, त्याचं भान नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. बाबाही हसत होते.

मग त्यांनी मला समजावलं, लहानपणी समजावत तसं. त्या चिरेतून जास्तीची हवा गेली की इंजिनाचा वेग चढतो. काँप्युटरला दिसतं, पेडलवर तर पाय नाही, मग वेग काहून चढला? तो पेट्रोल तोडतो. वेग पडतो. पडला की इंजिन बंद पडेल म्हणून घाबरून पुन्हा पेट्रोल सोडतो. पुन्हा चढतो. बिचाऱ्याची चूक कुठंच नाही, त्याला हवेचं कोणी सांगितलेलं नाही, असं बाबा म्हणाले. त्यात हा नवा, ट्यून केलेला काँप्युटर, तोडतोही पटकन आणि सोडतोही पटकन. म्हणून काटा नाचतो.

नवी टोपी बसवली. काटा एका जागी उभा राहिला, भिंतीवरच्या खिळ्यासारखा. बाबांनी हैदराबादला फोन करून भावाची अर्धा तास हजेरी घेतली. हवा घेत होती, म्हणाले. मिस्त्रीनं तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते ऐकत पोळ्या लाटत होते. ते दुसरं वाक्य मला नीट गिळता आलं नाही.

रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. दोन्ही सोबती मागे बसले, मी पुढे. सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा इंजिन चालू आहे की नाही कळत नव्हतं. मागच्यांनी बाबांचं कौतुक केलं. मग भनपुरीच्या अलीकडे ट्रकची गर्दी लागली, बाबांनी दुसरा गियर टाकला, आणि गाडीनं धक्का दिला. मग आणखी एक. मग सारखे. मागचे दोघं बोलायचे थांबले. थंडी आहे, इंजिन तापायचं आहे अजून, असं बाबा म्हणाले. तेवढ्या रस्त्यावर इंजिन तापलंही, आणि धक्के तसेच राहिले.

मिस्त्रीला टोपी दाखवायची बाबांना भारी हौस होती, म्हणून गॅरेजपाशी थांबलो. मिस्त्रीनं फुटकी टोपी हातात घेतली, मान डोलावली, आणि गाडी घेऊन एक फेरी मारतो म्हणाला. मी बाजूला बसले. त्याच रस्त्यावर, त्याच ट्रकमधून, त्याच दुसऱ्या गियरमध्ये त्यानं गाडी नेली आणि परत आणली. पोटातलं पाणी हललं नाही. एरवी न बोलणारा तो माणूस गाडीत मात्र बोलला. दीदी, म्हणाला, गाडी में अब कुछ नहीं है. पेडल इतकं तिखट करून ठेवलंय की पाय जरासा हलला तर इंजिन उसळतं. उसळलं की गाडी हलते, गाडी हलली की पाय आणखी हलतो. मग दोघं एकमेकांना हलवत राहतात. आधी त्यात हवेचा दोषही मिसळलेला होता, म्हणून वेगळं दिसत नव्हतं.

आम्ही परत आलो तर ते तिघं हातात चहाचे ग्लास धरून रस्त्याकडे तोंड करून उभे होते. बाबा गाडीच्या नाकाकडे पाहत होते. मालगाडी येताना पाहतात तसे. गाडी मऊ चालीनं येऊन त्यांच्यासमोर थांबली. परत येताना त्यांनी गाडी चालवली, धक्के बसले, आणि सोबत्यांना घरी सोडताना कोणीही पुढच्या रविवारचं नाव काढलं नाही.

दुपारी बाबा झोपल्यावर मी भावाला फोन केला. त्याच्याकडे उपाय तयार होता. पेडल मऊ करून घेऊ, ताई, तो म्हणाला, काँप्युटरमध्ये तेवढंच बदलायचं, नागपूरवाले करून देतील. मग पाय हलला तरी गाडी हलणार नाही. बाबांना कळणारही नाही. मला ते एकदम पटलं. चाबीही राहील, रविवारही राहील, आणि त्या दिवशी ऐकलेलं मला कधी बोलावंही लागणार नाही. मी चहा ठेवला, आणि बाबा उठल्यावर त्यांच्यासमोर जमेल तितक्या सहजपणे हा विषय काढला. गाडीला अजून थोडी ट्यूनिंग लागेल असं तो म्हणतोय, पेडल जरा मऊ करायचं म्हणतोय.

बाबांनी कप खाली ठेवला. डावा पाय उजव्यावर होता.

“म्हणजे पाय हलला तरी गाडी सांगणार नाही,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

“अन् ब्रेकवर जायले पायाला उशीर झाला, तर? त्याचंबी नागपूरला होते का?”

माझ्या डोळ्यांसमोर ती ओढणी सावरणारी पोरगी आली. मला वाटतं त्यांच्याही आली असावी. मी कपाकडे पाहत होते, आणि ते पुढे बोलले ते अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

“माझा जनम गेला छत्तीसगडात. हव कोणतं अन् हवा कोणती, हे मले समजत नाही का?”

मी वर पाहिलं.

“मले बराबर ऐकू आलं होतं, बेटा. म्हटलं, हवा म्हणून टाकू. थोडे दिवस भेटतील. अन् तू काही बोलली नाही, तेव्हा समजलं, तुलेबी ऐकू आलं.”

इतके दिवस आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला रडू आलं. ते आलं तसं मी येऊ दिलं. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, त्यांना ते जमत नाही. त्यांनी माझा गार झालेला चहा उचलून आत नेला आणि पुन्हा गरम करून आणला.

“पण हवाबी होतीच ना?” कप देताना ते म्हणाले. “टोपी फुटली होती का नाही?”

टोपी फुटली होती, हे मी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात आले. मी ऑफिसला जायला माझी स्कुटी काढत होते. त्यांनी मला थांबवलं आणि गाडीपाशी नेलं. आई गेल्यापासून त्यांनी कोणाला चार्ज दिलेला नव्हता. ताठ उभं राहून, माझ्या डोक्यावरून कुठंतरी पाहत त्यांनी सांगायला सुरुवात केली. इंजिन ठीक. उभ्या गाडीचं हंटिंग बंद. ब्रेक ठीक. मागचा डावा टायर थोडा घासलेला आहे. पेडल फार तिखट आहे, सांभाळून. इथवर ते न थांबता आले. मग थांबले.

“ड्रायव्हरच्या उजव्या पायात दोष,” ते म्हणाले, आणि चाबी पुढे केली. “चार्ज घेतला म्हण.”

“घेतला,” मी म्हणाले. डॉक्टरकडे कधी जायचं, हेही त्यांनीच विचारलं.

माझ्याकडे कारचं लायसन होतं, तरुणपणी काढून कपाटात ठेवलेलं. कार मी कधी चालवली नव्हती. कॉलनीच्या मैदानात बाबांनी मला शिकवलं आणि मी इतक्या वेळा इंजिन बंद पाडलं की क्रिकेट खेळणारे पोट्टे आपला खेळ सोडून मला पाहायला उभे राहू लागले. पेडल मऊ करून घेऊ का, असं भाऊ आता माझ्यासाठी विचारत होता. बाबांनी नको म्हटलं. आधी पायाला शिकू दे.

उन्हाळा लागायच्या आधीच्या एका रविवारी मी त्या तिघांना घेऊन निघाले. बाबा माझ्या डाव्या बाजूला, सोबती मागे. भनपुरीच्या अलीकडे ट्रकची रांग लागली. दुसरा गियर टाकला आणि गाडीनं धक्का दिला, मग दुसरा, मग सारखे. आरशात मागच्या दोघांच्या माना हलत होत्या. उजव्या पायाला काय करावं कळेना. मी बाजूला पाहिलं. पेडल नसलेल्या त्या जागी बाबांनी डावा पाय उजव्यावर ठेवला होता, आणि ते समोरच्या रस्त्याकडे पाहत होते.

“हवा घेऊन राहिली,” बाबा मागच्यांना म्हणाले.

“हव,” मी म्हणाले, आणि पाय हळूच उचलला.